वरातीपुरते शेजारी

हैदराबादमध्ये लग्न लागलं की नुसत्या सह्या झाल्या, हे मर्फा वाजला की नाही त्यावरून ठरतं. मेहदीपट्टणम, मल्लेपल्ली, टोलीचौकी या भागांतल्या शादीखान्यांसमोर रात्री अकराच्या सुमाराला वरात येते. (इथलं लग्न वेळेवर लागल्याचं उदाहरण मी अजून ऐकलेलं नाही.) नवरदेवाच्या फुलांनी मढवलेल्या गाडीपुढे दहा-बारा जणांचा ताफा असतो. सनई नाही, बँडवाल्यांची पितळी क्लॅरिओनेट नाही. दफ, मर्फा म्हणतात तो लहान नगारा, ढोलक, आणि एखादा स्टीलचा घडा काखेत धरून दोन काड्यांनी बडवणारा. वाजवण्याआधी ही मंडळी रस्त्याच्या कडेला जुनी वर्तमानपत्रं पेटवतात आणि दफाचं कातडं त्या जाळावर शेकतात. बोटानं टिचकी मारायची, कान लावायचा, नाराजीनं मान हलवायची, परत शेकायचं. कातडं ताणलं गेलं, आवाज खणखणीत झाला, की जळता कागद चपलेखाली विझवून सगळे उभे राहतात. मग जो ठेका सुरू होतो त्यात पोटाचा घेर सांभाळून चालणारे मामा-काका सुद्धा खांदे उडवायला लागतात.

हा ठेका आता कुणा एका धर्माचा राहिलेला नाही. गणपतीच्या मिरवणुकीत तो आहे, बोनालूच्या सणात आहे, निवडणुकीच्या विजयी जुलुसात आहे. तीनमार म्हणून जो नाच आज तेलंगणभर चालतो त्याच्या पायात हाच मर्फा आहे. वाजवणारे मात्र शहराच्या दोन वस्त्यांतून मुख्यतः येत आले. एक बारकस, जिथे निजामाच्या फौजेत आलेल्या येमेनी अरबांचे, म्हणजे चाऊशांचे वंशज राहतात. दुसरी ए. सी. गार्ड्स.

मासाब टँक आणि लकडी का पूल यांच्या मधे असलेली ही वस्ती बहुतेकांना महावीर हॉस्पिटलमुळे माहीत असते. पत्ता सांगताना ए. सी. म्हणजे काय ते कुणी विचारत नाही. ते आफ्रिकन कॅव्हलरी गार्ड्स. वनपर्ती संस्थानच्या राजा रामेश्वरराव यांनी एकोणिसाव्या शतकात हबशी स्वारांचं एक पथक पदरी बाळगलं होतं. पुढे ते निजामाच्या लष्करात आलं आणि खास रक्षक दल म्हणून शहराच्या या भागात बराकींत राहिलं. स्वार उंचेपुरे, घोडे निवडक, पोशाख झगझगीत. निजामाच्या सवारीपुढे ते चालत. दरबारातल्या गटातटांशी ज्याचं नातं नाही असा माणूस अंगरक्षक म्हणून राजाला बरा वाटतो, हे जगभरच्या राजांचं जुनं गणित. सप्टेंबर १९४८मध्ये पोलीस ॲक्शन झाली, पाच दिवसांत हैदराबाद भारतात आलं, आणि यथावकाश निजामाची फौज मोडली. आम्हा मराठी घरांत तो मुक्तीचा दिवस आहे आणि माझ्याही घरी तो तसाच साजरा होतो. ए. सी. गार्ड्समध्ये त्याच घटनेचा एक अर्थ असा झाला की घोडे गेले, पगार गेला, आणि बराकी राहिल्या. दोन्ही खरं आहे. एका घरातलं खरं दुसऱ्या घरात सांगायला गेलं की आवाज आपोआप खाली येतो, एवढंच.

मी तार्नाक्याला राहते. आजोबा नांदेडकडून इकडे आले, वडील रेल्वेत होते, मी एका कॉलेजात इतिहास शिकवला आणि निवृत्त झाले. इतिहास शिकवणाऱ्या मराठी बाईला सिद्दी, म्हणजे इथेच स्थायिक झालेले हे हबशी, माहीत असायलाच हवेत. माहीत होतेच, पण कसे? जंजिऱ्याचे म्हणून. शाळेच्या पुस्तकात आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांत सिद्दी येतो तो समुद्रात अजिंक्य किल्ला धरून बसलेला शत्रू म्हणून. दंडा-राजपुरी, तोफा, कपट, झालं. १९४८पर्यंत जंजिऱ्याला संस्थान होतं, तिथली प्रजा बहुतांशी मराठी बोलणारी होती, यातलं काही त्या धड्यात शिरत नाही. मलिक अंबरचंही तसंच. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा दख्खनमध्ये आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी झाला. १६१०मध्ये त्यानं खडकी गाव वसवलं, तेच पुढे औरंगाबाद झालं आणि आज छत्रपती संभाजीनगर आहे. त्यानं आणलेल्या नहरीचं पाणी त्या गावानं शतकानुशतकं प्यालं. शहाजीराजे १६२४ला भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूनं लढले. मराठ्यांचा गनिमी कावा ज्या मातीत रुजला ती माती कसणाऱ्यांत हा हबशी होता. खुलताबादला त्याची कबर आहे. वेरूळ पाहून परतणाऱ्या किती बसगाड्या तिथे थांबतात ते कुणाही ड्रायव्हरला विचारावं.

आणि याच मराठीनं जगातल्या काळ्या माणसाच्या दुःखाची दखल फार लवकर घेतली होती. जोतिराव फुल्यांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६मध्ये ड्यू बॉईस या कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहून अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची चौकशी केली. १९७२ला मुंबईत तरुण दलित कवी उभे राहिले तेव्हा त्यांनी संघटनेचं नाव दलित पँथर ठेवलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. ही परंपरा मला अभिमानाची वाटते. पण तिच्यात एक चमत्कारिक पोकळी आहे. अलाबामातला माणूस आम्हाला दिसला, मुरूडचा आणि मासाब टँकचा दिसला नाही. लांबच्याची कीव करायला आगबोटीचं भाडं लागत नाही. जवळच्याला घरात बोलवावं लागतं.

मासाब टँकच्या सिद्दींशी माझी ओळख झाली ती एका विद्यार्थिनीमुळे. मुलगी ए. सी. गार्ड्सची, इंटर चांगल्या मार्कांनी पास, बोलायला तेज. बी. कॉम.ला आली आणि पहिल्या सत्रातच फीच्या सवलतीसाठी दाखला हवा म्हणून खेटे घालायला लागली. आंध्र प्रदेशानं २००७ साली कायदा करून मुसलमानांमधल्या चौदा मागास समूहांना शिक्षणात आणि नोकऱ्यांत चार टक्के राखीव जागा दिल्या. त्या गटाला बीसी-ई म्हणतात. यादीत धोबी आहेत, फकीर आहेत, हजाम आहेत, आणि एका ओळीत सिद्दी, याबा, हबशी, जासी अशी चार नावं एकत्र आहेत. हायकोर्टानं २०१०मध्ये कायदा रद्द ठरवला, सुप्रीम कोर्टानं त्याच वर्षी मार्चमध्ये अंतरिम आदेश देऊन तो चालू ठेवला. पुढे राज्य दुभंगलं तरी तेलंगणात तो गट राहिला. म्हणजे कागदावर या मुलीचा हक्क आहे. तो मिळवायचा तर मीसेवा या सरकारी सेवा केंद्रात अर्ज, त्यासोबत शाळेचे दाखले, रेशनकार्ड, मग तहसीलची चौकशी. अडचण अशी की शाळेत नाव घालताना जातीच्या रकान्यात नुसतं 'मुस्लिम' लिहिलेलं होतं. वडिलांच्या दाखल्यावरही तेच. सिद्दी असल्याचा पुरावा आणा, असं तिला सांगण्यात आलं.

मी एकदा तिच्या घरी गेले. दोन खोल्या, बाहेर कुलरचा सांगाडा, आत भिंतीला टेकवून ठेवलेले तीन दफ. तिच्या अम्मींनी चहा दिला आणि पलंगाखालून एक निळी प्लॅस्टिकची फाईल काढली. त्यात सगळं होतं: लसीकरणाचं कार्ड, विजेची बिलं, लॅमिनेट केलेला कुणा पणजोबांचा गणवेशातला फोटो, कडा वाळवी लागलेल्या. घोड्याचा फक्त लगाम आणि अर्धं तोंड फोटोत आलेलं. मी विचारलं, हा फोटो अर्जाला जोडला होता का? त्या हसल्या.

"मॅडम, रस्ते पे निकले तो सब को दिखता हम कौन हैं. बच्चे पीछे से नाम रखते. दफ्तर में गए तो कोई को नै दिखता."

एवढं बोलून त्या साखर पुरेशी आहे ना, असं विचारायला लागल्या. त्यानंतर वर्णभेदावर मी जेवढं वाचलं त्यातलं बरंचसं मला या तीन वाक्यांच्या टिपेसारखं वाटलं.

कौतुकाचा विषय इथेच येतो. हैदराबादी माणूस सिद्दींबद्दल वाईट बोलत नाही. उलट भरभरून बोलतो. काय ताकद, काय ठेका, काय नाचतात! पण हे सगळं कौतुक अंगाचं आहे. निजामाला त्यांचे खांदे हवे होते, वरातीला त्यांचे हात हवे आहेत. सरकारनं सुद्धा वेगळं काही केलं नाही. १९८७च्या सुमाराला स्पोर्ट्स ॲथॉरिटीनं स्पेशल एरिया गेम्स नावाच्या योजनेत गुजरात आणि कर्नाटकातली सिद्दी मुलं निवडली. विचार असा की ही आफ्रिकी वंशाची, म्हणजे धावणारच, म्हणजे ऑलिंपिकची पदकं आणणारच. मुलं खरंच धावली, राष्ट्रीय पातळीवर पदकं मिळवली, काहींना खेळाडू म्हणून नोकऱ्या लागल्या. मग काही वर्षांत योजनेतला सिद्दींचा भाग गुंडाळला आणि बाकीची मुलं परत शेतमजुरीला लागली. त्यांच्या जंगलातल्या वस्त्यांत कुणाला उत्तम गणित येतं का, हे बघायला मात्र कुठलं पथक गेल्याचं ऐकिवात नाही. सिद्दी म्हटलं की चपळ पाय, आणि पाय थकले की माणूस संपला. हेटाळणी आणि हे कौतुक यांत फरक आहे, पण तो वाटतो तेवढा मोठा नाही.

शहराच्या पूर्वेला, माझ्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, हबशीगुडा आहे. निजामाच्या हबशी सैनिकांवरून हे नाव पडलं असं लोक सांगतात. आज तिथे हबशी नाहीत, इडलीची हॉटेलं आणि कोचिंग क्लासेस आहेत. तिथल्याच उप्पल रस्त्यावर सी. सी. एम. बी. ही पेशी आणि रेणूंचा अभ्यास करणारी मोठी संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी इतरांसोबत गुजरात आणि कर्नाटकातल्या सिद्दींच्या जनुकांचा अभ्यास केला आणि तो २०११मध्ये छापून आला. निष्कर्ष असा की सिद्दींच्या रक्तात मोठा वाटा आफ्रिकेतल्या बांटू लोकांचा आहे, उरलेला भारतीय आहे आणि कदाचित थोडा युरोपी, पोर्तुगीज. ही सरमिसळ मुख्यतः गेल्या दोनशे वर्षांतली. याच संस्थेनं दोन वर्षं आधी, २००९मध्ये, दुसऱ्या एका संशोधनात दाखवलं होतं की भारतातले जवळपास सगळेच समूह दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून झालेले आहेत. म्हणजे तार्नाक्याची मी आणि ए. सी. गार्ड्सच्या अम्मी, दोघीही भेसळच. त्यांची जरा ताजी, माझी जरा मुरलेली. हे एवढं सिद्ध होऊनही मीसेवाच्या खिडकीवर काही फरक पडत नाही. जनुकांना तिथे रकाना नाही.

याद्यांची गंमत अजून बघायची तर सीमाभागात जावं. उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळच्या जंगलात सिद्दी राहतात. हिंदू, ख्रिश्चन आणि मुसलमान असे तिन्ही धर्मांचे, आणि बहुतेक जण घरात कोकणी बोलतात. त्यांना २००३मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, पण फक्त त्या एका जिल्ह्यापुरता. हल्याळहून खानापूरला सून गेली की ती आदिवासी राहायची नाही. बेळगाव आणि धारवाडचे सिद्दी यादीत यायला २०२० उजाडलं. गोव्याच्या यादीत ते आधीपासून आहेत, महाराष्ट्राच्या यादीत नाहीतच, आणि तेलंगणात ते जमात नसून मागास वर्ग आहेत. माणूस तोच, केस तेच, टोमणे तेच. राज्याची कमान ओलांडली की सरकारदरबारी तो दुसराच कुणी होतो. अभिमानाची गोष्ट अशी की या दर्जासाठी झगडणारे त्यांच्यातलेच होते. शांताराम सिद्दी २०२०मध्ये कर्नाटकाच्या विधान परिषदेवर नेमले गेले, आमदार झालेले ते पहिले सिद्दी. गीरच्या जांबूर गावच्या हीराबाई लोबी यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. बायकांच्या बचतीची, खताची, बालवाड्यांची कामं त्यांनी वर्षानुवर्षं केली. दोन्ही कामं बघा, कंटाळवाणी आहेत. अर्ज, बैठक, हिशेबवही. समता नेहमी अशाच रटाळ कामांतून येते, म्हणून तिच्यावर सिनेमे कमी निघतात.

हैदराबादला हे शिकायला बाहेर जायची गरजही नाही. भाग्य रेड्डी वर्मांनी १९०६मध्ये, वयाची विशीही ओलांडलेली नसताना, जगन्मित्र मंडळी सुरू केली. अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, त्यांतली एक इसामिया बाजारात, म्हणजे आमच्या काचीगुडा-कोठीच्या मराठी वस्तीला लागून. देवदासी प्रथेविरुद्ध बोलले, दारूविरुद्ध बोलले, आणि आम्ही पंचम नाही, आम्ही इथले मूळचे, आदि-हिंदू, असं ठासून सांगितलं. १९३१च्या शिरगणतीत निजामाच्या सरकारला ते नाव लिहून घ्यावं लागलं. रकाना बदलून घेणं म्हणजे काय, हे त्या माणसाला कळलं होतं. केशवराव कोरटकर आणि त्यांच्या सोबत्यांनी मराठी मुलांसाठी विवेकवर्धिनी उभी केली तीही त्याच काळात. उर्दूच्या राज्यात आपली भाषा टिकवायची तर आपली शाळा हवी, हे त्यांना उमगलं होतं. अल्पसंख्य असणं म्हणजे काय ते हैदराबादच्या मराठी माणसाला कुणी समजावून सांगायला नको. आम्ही ते भोगलंय. म्हणूनच पुढची गोष्ट मला जास्त बोचते.

आमच्या इमारतीत गेल्या काही वर्षांत दोनतीन फ्लॅट भाड्यानं जायचे होते. उस्मानिया युनिव्हर्सिटी जवळ असल्यामुळे परदेशी विद्यार्थी चौकशीला येतात. एक सुदानचा मुलगा आला. कागदपत्रं चोख, दोन महिन्यांची आगाऊ रक्कम तयार. रविवारी सोसायटीची बैठक झाली. कुणी काही वाईट बोललं नाही, हे मुद्दाम सांगते. "लोकांना सवय नसते," "लिफ्टमध्ये लेडीज घाबरतात," "आपल्याला प्रॉब्लेम नाही पण पोलीस व्हेरिफिकेशनची कटकट." डॅलसला मुलगा असलेल्या गृहस्थांनी ठराव मांडला, मुलीच्या ऑस्ट्रेलियातल्या घरमालकाबद्दल नेहमी तक्रार करणाऱ्या बाईंनी अनुमोदन दिलं. मी आणि तिसऱ्या मजल्यावरचे तेलुगू मास्तर विरोधात होतो. ठराव झाला, कार्यवृत्तात 'फॅमिली टेनंट्सना प्राधान्य' असं सभ्य वाक्य आलं. तो मुलगा पुढे टोलीचौकीच्या पॅरामाउंट कॉलनीत राहायला गेला. सुदानी, सोमाली, येमेनी विद्यार्थी तिकडेच का एकवटतात याचं आश्चर्य करणाऱ्यांनी आपल्या सोसायटीचं कार्यवृत्त काढून वाचावं.

मे २०१६मध्ये दिल्लीत कांगोच्या एका तरुणाला रस्त्यात ठार मारलं, त्याच महिन्यात आमच्या बंजारा हिल्सला पार्किंगच्या भांडणातून नायजेरियन विद्यार्थ्याचं डोकं फोडलं. तेव्हा वर्तमानपत्रांत चर्चा झाली, मग थांबली. खरं तर या विषयात देशाची बाजू जुनी आणि भक्कम आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाचा प्रश्न १९४६मध्ये संयुक्त राष्ट्रांत नेला तो भारतानं. वांशिक भेदभाव नाहीसा करण्याचा आंतरराष्ट्रीय करार आपण १९६८मध्ये मान्य केला. घटनेच्या पंधराव्या कलमात धर्म, जात, लिंग यांच्यासोबत वंश हा शब्द पहिल्या दिवसापासून आहे. पण ते कलम मुख्यतः सरकारला बांधतं. फ्लॅटच्या मालकाला नाही, सोसायटीच्या सेक्रेटरीला नाही. तिथे कायद्याऐवजी आपणच आहोत.

त्या मुलीचा दाखला शेवटी मिळाला. वस्तीतल्या एका म्हाताऱ्यांकडे पलटणीचं जुनं सेवापुस्तक निघालं. कॉलेजातल्या निवृत्त हेडक्लार्कनी (हे मात्र अस्सल काचीगुड्याचे मराठी, सरकारी अर्ज म्हणजे त्यांना सुगम संगीत) अर्ज नव्यानं लिहून दिला, वंशावळ काढली, प्रतिज्ञापत्र करून घेतलं. मुलगी आता एका ऑडिट फर्ममध्ये आहे. तिच्या धाकट्या भावाच्या वेळी शाळेतच सिद्दी लिहून घेतलं गेलं, आणि शेजारच्या चार घरांनी ते बघून तसंच केलं. एवढ्यानं क्रांती होत नाही. चार घरांचं काम होतं.

म्हणून हैदराबादच्या मराठी मंडळींना माझी एक सूचना आहे. आपल्या संस्थांचे हॉल दुपारी रिकामे असतात आणि आपल्याकडे अर्ज लिहू जाणणारे निवृत्त लोक भरपूर आहेत. मे-जूनमध्ये, प्रवेशाच्या दिवसांत, आठवड्यातून एक दुपार ए. सी. गार्ड्सच्या मुलांच्या कागदपत्रांसाठी द्या. त्यांना मर्फा वाजवायला बोलावू नका, ते आपण नेहमीच करतो. आणि ज्यांचा फ्लॅट भाड्यानं द्यायचा आहे त्यांनी दलालाला फोन करताना भाडं सांगावं, डिपॉझिट सांगावं, पाण्याची वेळ सांगावी. भाडेकरू कुठल्या वंशाचा नको ते सांगू नये.